‘जसे आले तसे’ पाठवणाऱ्याची जबाबदारी



आपल्या मोबाइलवर रोज येणाऱ्या कितीतरी संदेशांच्या शेवटी ‘जसे आले तसे पाठवत आहे’ असे लिहिलेले असते. पाठवणाऱ्याला वाटते, एवढे लिहिले की आपण मोकळे झालो. मजकूर खरा निघाला तर सवाब आपला आणि खोटा निघाला तर दोष मूळ लिहिणाऱ्याचा. ही समजूत कितपत योग्य आहे? दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट पुढे नेणारा माणूस केवळ टपालवाला असतो, की त्या गोष्टीचा भागीदार? या लेखात मला आपल्यासोबत या एकाच प्रश्नाचा विचार करायचा आहे.

हा प्रश्न आम्हा नागपूरकरांसाठी पुस्तकी राहिलेला नाही. १७ मार्च २०२५ रोजी, रमजानच्या महिन्यात, खुलताबाद येथील औरंगजेबाची कबर हटवावी या मागणीसाठी महाल भागात आंदोलन झाले. त्या वेळी जाळलेल्या चादरीवर पवित्र कुरआनच्या आयती होत्या, असे संदेश दुपारपासून मोबाइलवर फिरू लागले. संध्याकाळी महालात आणि रात्री हंसापुरीत दगडफेक व जाळपोळ झाली. अनेक पोलिस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, ती पूर्णपणे उठायला २३ मार्च उजाडला. जखमींपैकी एकाचा २२ मार्च रोजी रुग्णालयात मृत्यू झाला. आयतींची बातमी ही अफवा होती, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. दुसरीकडे, धार्मिक भावना दुखावल्याबद्दल आंदोलकांपैकी काहींवर गुन्हाही नोंदवला गेला. तो निवाडा न्यायालयाचा आहे आणि मला त्यात शिरायचे नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच : त्या दुपारी तो संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी ती चादर डोळ्यांनी पाहिली होती?

हा प्रश्न इतरांना विचारण्याआधी मला स्वतःकडे पाहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी शाबानच्या अखेरीस माझ्या मोबाइलवर एक संदेश आला. रमजानच्या आगमनाची खबर जो सर्वांत आधी देईल त्याच्यावर जहन्नमची आग हराम होईल, असे त्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या नावाने लिहिले होते. मी घाईत होतो. पाठवणारे गृहस्थ नेक होते आणि मजकूर चांगल्या कामाचा वाटत होता. मी तो मशिदीच्या ग्रुपवर टाकला. मगरिबनंतर माझ्याकडे पूर्वी मकतबमध्ये शिकलेल्या एका मुलाने विचारले, “हजरत, ही हदीस कोणत्या किताबात आहे?” मी निरुत्तर झालो. या मजकुराला हदीसच्या ग्रंथांत आधार नाही, हे उलेमांनी वारंवार सांगितले आहे. मी मदरशात अनेक वर्षे हदीसचे शिक्षण घेतले होते, आणि तरीही मी विचारले नव्हते. मी ग्रुपवर चूक कबूल केली. परंतु तोवर तो संदेश इतर मोहल्ल्यांत पोहोचला होता आणि त्याखाली कोणीतरी जोडले होते : ‘इमाम साहेबांनी पाठवले आहे.’ ज्या बातमीला सनद नव्हती, तिची सनद मीच झालो होतो.

मदरशात आम्हाला शिकवले जाते की हदीसचे दोन भाग असतात : मतन, म्हणजे मजकूर, आणि सनद, म्हणजे तो कोणी कोणाकडून ऐकला याची साखळी. साखळीतला एक दुवा गळाला किंवा एखादा रावी अनोळखी असला, तर मजकूर कितीही सुंदर असो, मुहद्दिस तेथेच थांबत. अब्दुल्लाह इब्न मुबारक (रह.) यांनी सनदीला दीनचाच भाग मानले. पुढे मराठी विषय घेऊन बी.ए. करताना मला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे भेटले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. बखरीतली हकीकत कितीही रसाळ असली तरी तिच्यापेक्षा त्या काळचा अस्सल कागद त्यांना अधिक मोलाचा वाटे. दोन वेगळ्या परंपरा, परंतु शिस्त एकच : ‘हे तुला कोणी सांगितले आणि त्याला कसे कळले?’ असे विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेल्या संदेशात मूळ लिहिणाऱ्याचे नाव दिसत नाही. मुहद्दिसांच्या भाषेत बोलायचे तर त्याचा पहिला रावीच अज्ञात आहे. उरतो तो शेवटचा रावी, आणि तो आपण असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. केवळ पुढे पोहोचवणारा दोषी ठरतो का? याचे उत्तर आपल्याला ‘इफ्क’च्या घटनेत मिळते. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना ह. आयेशा (र.) हरवलेला हार शोधण्यासाठी थांबल्या आणि काफिल्यापासून मागे राहिल्या. ह. सफवान (र.) यांनी त्यांना आपल्या उंटावर बसवून काफिल्यापर्यंत पोहोचवले. एवढ्यावरून मुनाफिकांचा म्होरक्या अब्दुल्लाह इब्न उबय याने कुभांड रचले आणि मदीना सुमारे महिनाभर त्या कुजबुजीने ग्रासले. अखेर सूरह नूरच्या आयतींनी ह. आयेशा (र.) यांचे निर्दोषत्व जाहीर केले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ज्यांना शिक्षा झाली, त्यांत रिवायतींनुसार ह. मिस्तह (र.) यांचाही समावेश होता. ते बद्रच्या लढाईत सहभागी झालेले प्रामाणिक मुसलमान होते. कुभांड त्यांनी रचले नव्हते. त्यांनी ऐकले आणि पुढे सांगितले. ‘मी तर फक्त ऐकलेले सांगितले’ ही सबब तेथे चालली नाही. लोक ज्या गोष्टीला हलके समजत होते, ती अल्लाहपाशी फार भारी होती, हेच त्या आयती बजावतात.

म्हणून टपालवाल्याची उपमा येथे लागू पडत नाही. टपालवाला बंद पाकीट नेतो. आपण मजकूर वाचतो, तो पटतो किंवा राग आणतो, मग कोणाला पाठवायचा ते आपणच ठरवतो. वाचणे, निवडणे आणि पाठवणे या तीन कृती आपल्या आहेत, आणि कृतीचा हिशोब असतो.

या हिशोबाची किंमत कधीकधी पूर्ण निरपराध माणसे चुकवतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या वर्षी मोबाइलवरून देशभर पसरल्या होत्या. त्यांत फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतील मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. पळवलेले मूल परत आणून सोडण्याचा आणि पालकांना सावध करण्याचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. ती पाठवणाऱ्या बहुतेकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना इतरांची मुले वाचवायची होती. हेतू चांगला असला तरी पडताळणीचे कर्तव्य संपत नाही, हे यावरून ध्यानी यावे. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीतील आदेशही हाच आहे : बातमीची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये अनेक हातांतून फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. हे उपाय उपयोगी आहेत, परंतु ते वेग कमी करतात, विवेक देत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की आदेश झाल्यास मोठ्या संदेशसेवांनी मूळ पाठवणारा शोधून द्यावा. व्हॉट्सॲपने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. एकाचा माग काढण्यासाठी सर्वांच्या खाजगी संभाषणाचे कुलूप मोडावे लागेल, असे तिचे म्हणणे आहे. या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे. ज्या सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे, त्याच सूरहच्या बाराव्या आयतीत एकमेकांची हेरगिरी करण्याची मनाई आहे. बातमी तपासा, माणसांच्या घरात डोकावू नका. या दोन आज्ञा एकत्र पाळायच्या तर मला एकच मार्ग दिसतो : तपासणीचे काम प्रत्येकाने स्वतःच्या दारात करावे. जो समाज ते करत नाही, त्याच्या दारात आज ना उद्या दुसरा कोणीतरी तपासायला येतो.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक रास्त प्रश्न येईल. ‘आमच्यावर अन्याय झाला आणि वाहिन्यांनी तो दाखवला नाही, तर मोबाइलशिवाय आमच्याकडे काय आहे? आम्ही गप्प बसावे का?’ नाही. अन्यायाविरुद्ध गप्प बसण्याची शिकवण इस्लामने दिलेली नाही. उलट, सूरह निसामध्ये न्यायासाठी साक्ष देण्याचा आदेश आहे, मग ती स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का असेना. परंतु साक्ष आणि अफवा यांत फरक आहे. साक्ष देणारा स्वतः पाहिलेले सांगतो, आपल्या नावाने सांगतो, आणि जो दाद देऊ शकेल त्याच्यासमोर सांगतो. अफवा पसरवणारा न पाहिलेले सांगतो, नाव लपवतो आणि ज्यांच्या हातात दगडाशिवाय काही नाही त्यांना सांगतो. एकच चित्रफीत दोन्ही होऊ शकते. ती ज्याने टिपली त्याने तारीख, वेळ, ठिकाण यांसह जपून वकिलाकडे, पोलिसांकडे वा पत्रकाराकडे नेली तर ती साक्ष आहे. ‘सर्वांनी जमा व्हा’ असे जोडून शंभर ग्रुपवर सोडली तर ती ठिणगी आहे. म्हणून बातमी खरी असणेही पुरेसे नाही. भीतीची वा सुरक्षेची बातमी कानी येताच पसरवू नये, जाणत्या व जबाबदार लोकांपर्यंत न्यावी, हेही त्याच सूरह निसामध्ये शिकवले आहे.

आणि चूक होऊन गेली असेल तर? ‘सर्वांसाठी डिलीट’ हे बटण फक्त आपण पाठवलेली प्रत पुसते. ती ज्यांनी पुढे पाठवली त्यांच्या प्रती तशाच राहतात, आणि किरामन कातिबीनच्या नोंदवहीत ते बटण नाही. सूरह बकरामध्ये सत्य लपवणाऱ्यांच्या तौबेसोबत सुधारणा करणे आणि उघडपणे स्पष्ट करणे या अटी आल्या आहेत. त्यावरून आपणही धडा घ्यावा : ज्या ज्या ठिकाणी खोटे पाठवले, त्या त्या ठिकाणी ‘मी पाठवलेले चुकीचे होते’ असे स्वतःच्या नावाने लिहावे. मी ते लिहिले तेव्हा मान खाली गेली होती. परंतु त्यानंतर त्या ग्रुपवर लोक ‘कोणत्या किताबात आहे?’ असे निःसंकोच विचारू लागले. आपल्या घरातही मुलांना हा प्रश्न विचारण्याची मुभा द्या. त्यांनी आपल्यालाच विचारले तर रागावू नका.

इफ्कच्या घटनेचा शेवट आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवतो. ह. मिस्तह (र.) हे ह. अबू बक्र (र.) यांचे नातेवाईक होते आणि त्यांच्याच मदतीवर त्यांचा चरितार्थ चाले. मुलीची बदनामी पसरवण्यात त्यांचा सहभाग होता हे कळल्यावर ह. अबू बक्र (र.) यांनी ती मदत बंद करण्याची शपथ घेतली. तेव्हा क्षमा करण्याचे आवाहन करणारी आयत अवतरली, आणि त्यांनी मदत पुन्हा सुरू केली. ज्याने चूक मान्य केली त्याला समाजाने जवळ घ्यावे. अन्यथा चूक कबूल करण्याचे धैर्य कोणी करणार नाही.

अल्लाह तआला आपल्या जिभेला आणि आपल्या अंगठ्याला खरेपणाची तौफीक देवो, आपल्या शहराला अमन देवो आणि आपल्या हातून अजाणता घडलेल्या इजेची माफी देवो. आमीन.