सरणाचे लाकूड

बुलढाणा जिल्ह्यातील बीबी या गावी काही दिवस आमचा मुक्काम होता, तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. बोलणे २०१३ सालच्या केदारनाथच्या प्रलयाचे चालले होते. "मास्तर, मेलेल्याच्या सरणासाठी जित्या मानसानं जीव काहून घालवावा?" प्रश्न कठोर खरा, परंतु त्यात उपहास नव्हता, आणि म्हणूनच वरवरच्या उत्तराने भागण्यासारखे नव्हते.

वाचकांस तो प्रसंग स्मरत असेल. १६ व १७ जून रोजी अतिवृष्टी झाली, चोराबारी सरोवर फुटले आणि मंदाकिनीच्या लोंढ्याने केदारनाथचा परिसर उद्ध्वस्त केला. रस्ते वाहून गेले. सुटकेस मुख्य वाट उरली ती आकाशाचीच. २५ जून रोजी वायुदलाचे एक हेलिकॉप्टर मृतांच्या सामुदायिक दहनासाठी लाकडे पोहोचवून केदारनाथहून परतत असता गौरीकुंडाच्या उत्तरेस कोसळले. त्याचे वैमानिक होते मुंबईचे विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो. वायुदलाचे ५, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ९ व भारत-तिबेट सीमा पोलिसांचे ६ असे एकूण २० जण त्यात मृत्यू पावले. कॅस्टेलिनो यांस मरणोत्तर कीर्तिचक्र देण्यात आले.

केवळ हिशेबाने पाहू गेल्यास शेतकऱ्याचा आक्षेप खोडता येत नाही. जीव वाचविण्यासाठी जीव धोक्यात घालणे समजते. प्रेत तर वाचविता येत नाही. रोगराई पसरू नये म्हणून दहन अवश्य होते, असे आम्ही सांगून पाहिले. ते खरेही आहे. परंतु त्याने त्याचे समाधान झाले नाही, आणि मोकळेपणाने सांगावयाचे तर आमचेही झाले नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण 'बलिदान' म्हणतो, तेव्हा जणू हे लोक मरावयासच गेले होते असा भास होतो. वस्तुतः ते परत येण्यासाठी गेले होते. साडेअकरा हजार फुटांवर हवा विरळ होते, पात्यांस पुरता आधार मिळत नाही. अरुंद दरीत ढग पाहता पाहता उतरतात. अशा ठिकाणी सुखरूप परतणे हाही कर्तव्याचाच भाग होय. कारण यंत्र गमावले की उद्याची सुटकाही गमावली. मरण शोधणाऱ्याचे साहस आंधळे असते. मरण ओळखून, ते टाळण्याची शिकस्त करून, तरीही जो हातचे काम टाकीत नाही, त्याचेच धैर्य डोळस म्हणावे.

बीबीच्या शेजारीच जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेड राजा आहे. या मुलखास शौर्य म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. परंतु रणांगणावरील शूरापुढे शत्रू असतो, मनात त्वेष असतो, विजयाची आशा असते. येथे समोर केवळ धुके होते आणि पाठीशी लाकडाचा भार. ज्यांच्यासाठी तो वाहिला, ते आभार मानावयास उरलेच नव्हते.

शेवटी आम्हीच त्या वृद्धास विचारले, "बाबा, गावात मयत झाली म्हणजे तुम्ही काय करता?"

"लाकूड घेऊन जातो."

"मृताशी वैर असले तरी?"

"मंग? मयतीले वैर कायचं?" एवढे बोलून तो थांबला, आणि बराच वेळ काहीच बोलला नाही.

त्याचे उत्तर त्यानेच दिले होते. जेथे शेजारी उरला नव्हता, तेथे हे अनोळखी लोक शेजारी होऊन लाकूड घेऊन गेले. मृताची विटंबना होऊ न देणे हे जिवंतांनी एकमेकांस दिलेले वचन आहे. ते मोडले तर जिवंतांच्याही जिवाचे मोल उतरते.

परंतु येथेच थांबून गुणगान करणे आम्हांस सोयीस्कर वाटते, योग्य वाटत नाही. नदीच्या पात्रालगत इमारती उठविणे, पावसाचा इशारा न मानता वाटेस लागणे, अशी आपली प्रत्येक बेफिकिरी म्हणजे कोणा अनोळखी वैमानिकाच्या नावे काढलेली हुंडी होय. ती वटविण्यास तो नकार देत नाही. म्हणूनच ती काढताना आपला हात कापला पाहिजे.