स्तुती आणि विधी

वेदवाक्यांचा अर्थ लावताना मीमांसकांपुढे एक अडचण उभी राहिली होती. अमुक कामना धरणाऱ्याने अमुक याग करावा, असे सांगणारी वाक्ये सरळ होती, ती विधिवाक्ये. परंतु वायू ही सर्वांत वेगवान देवता आहे, एवढेच सांगणाऱ्या वाक्याचे काय करावयाचे? त्यातून कोणतीच कृती निष्पन्न होत नाही. मीमांसकांचे उत्तर असे, की हे वाक्य एकटे नाही. ऐश्वर्याची इच्छा असणाऱ्याने वायूसाठी याग करावा, हा विधी त्याच्या शेजारीच आहे, आणि वेगाची स्तुती यजमानाचे मन त्या विधीकडे वळवण्यासाठी आहे. अशा वाक्यांना त्यांनी अर्थवाद म्हटले. विधीशी एकवाक्यता झाल्यावरच त्यांना प्रामाण्य लाभते, असा निर्णय दिला.

यज्ञसंस्था मागे पडली, तरी ही दृष्टी जुनी झालेली नाही. आधुनिक माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत अर्थवादच ऐकत असतो. साबणाच्या जाहिरातीत आईची माया असते, मोटारीच्या जाहिरातीत डोंगरातली मोकळी वाट असते, निवडणुकीच्या फलकावर हिरवे शेत आणि हसरा शेतकरी असतो. विकत घ्या, मत द्या, गप्प राहा हे विधी मात्र पुष्कळदा उच्चारले जात नाहीत. म्हणून प्रचार ओळखण्याचा प्रश्न केवळ खऱ्याखोट्याच्या निवाड्याने सुटत नाही. एकही असत्य वाक्य न बोलता माणसाला फसवता येते. मग मन वळवणे कोठे संपते आणि फसवणे कोठे सुरू होते?

सुमारे एका वर्षाच्या अंतराने घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवल्या, तर हा प्रश्न स्पष्ट होतो. ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या दिवशी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. या सिगारेटी म्हणजे स्वातंत्र्याच्या मशाली होत, असे वर्णन प्रसृत झाले आणि वृत्तपत्रांनी त्याची बातमी केली. अमेरिकेत संविधानाच्या दुरुस्तीने स्त्रियांना मताधिकार मिळून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. पुरुषाने रस्त्यात धूम्रपान करावे आणि स्त्रीने करू नये, हा दंडक विषम होता, यातही शंका नाही. परंतु हा देखावा योजला होता एडवर्ड बर्नेज यांनी. ते सिग्मंड फ्रॉइड यांचे भाचे, आणि त्या वेळी अमेरिकन टोबॅको कंपनीचे प्रसिद्धी-सल्लागार होते. वाचकाला समतेची स्तुती ऐकू आली. सिगारेट विकत घ्या हा विधी आणि तो सांगणाऱ्याचे नाव पडद्याआड राहिले.

दुसरी घटना दांडीयात्रेची. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेल्या गांधीजींनी ६ एप्रिलला समुद्रकाठचे मीठ उचलले. तटस्थपणे पाहिल्यास साधने येथेही तीच होती : सर्वांना कळणारे प्रतीक, डोळ्यांत भरणारे दृश्य आणि जगभर पोचणारी बातमी. बातमीचे सामर्थ्य गांधीजी पुरेपूर ओळखून होते. मग दांडीयात्राही जाहिरातच म्हणावी काय? भेद साधनांत नाही. तो विधीच्या उघडपणात आहे. यात्रेपूर्वी, २ मार्चला, गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहून आपला बेत कळवला होता. कायदा मोडला जाईल, हे प्रतिपक्षाला आधी ठाऊक होते. त्याची किंमत तुरुंगवास आहे, हे अनुयायांना ठाऊक होते. स्तुतीच्या शेजारी विधी उभा होता, आणि विधीच्या शेजारी त्याचे मोल.

यातून एक कसोटी हाती येते. झाकलेला विधी उघडा केला, तरी स्तुती टिकते काय? दांडीच्या मिठाचे तेज विधी सांगितल्याने वाढले. फिफ्थ अव्हेन्यूवरच्या मशाली, त्यांच्यामागचा व्यापारी दिसताच, पुन्हा सिगारेटी झाल्या असत्या.

राजकारणात विधी झाकण्याचे काम अनेकदा शब्दांकडूनच करवून घेतले जाते. न्यायशास्त्रात यालाच छल म्हणतात. वक्त्याच्या शब्दाला त्याला नको असलेला अर्थ चिकटवणे हे त्याचे लक्षण. आणीबाणीच्या काळात, १९७५ साली, वर्षभराच्या मौनात असलेल्या विनोबांचे ‘अनुशासनपर्व’ हे शब्द सरकारी प्रसिद्धीने उचलले आणि देशभर फिरवले. महाभारतातील अनुशासनपर्वात शरपंजरी पडलेला, सत्ता नसलेला भीष्म राजा झालेल्या युधिष्ठिराला उपदेश करतो. तेथे उपदेशाचा रोख राजाकडे आहे. सरकारी फलकावर तो प्रजेकडे वळला. अनुशासन आचार्यांचे असते आणि सत्तेचे असते ते शासन, असा भेद विनोबांनी पुढे स्पष्ट केला. परंतु वृत्तपत्रांवर नियंत्रण असताना फलकावरचा शब्द एकटाच बोलत होता. न्यायशास्त्राने सत्यासाठी चालणाऱ्या वादाहून केवळ विजयासाठी चालणारा जल्प हीन मानला. तरी जल्पालाही समोर प्रतिवादी लागतो. प्रतिवादीच नाहीसा केल्यावर जे उरते, त्याला जल्प म्हणणेही कठीण आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. हेतू कल्याणाचा असेल, तर विधी झाकला म्हणून काय बिघडले? मुलाला औषध मधातून दिले जातेच. परंतु मूल मोठे होईल, या विश्वासाने आई तसे करते. नागरिकाला कायमचे मूल मानणारा प्रचारक त्याच्या हिताची भाषा बोलत असला, तरी त्याचा निर्णय त्याच्याकडून काढून घेत असतो. नकार देण्याची संधी ज्याला मिळाली नाही, त्याच्या होकाराला नैतिक मूल्य उरत नाही.

प्रचार ओळखण्याचे शिक्षण देण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेत झाला. १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रचार-विश्लेषणासाठी एक संस्था स्थापन झाली. दूषणात्मक नाव ठेवणे, चमकदार पण पोकळ शब्द वापरणे, पूज्य वस्तूचे तेज आपल्या पक्षावर पाडणे, थोरांची साक्ष काढणे, आपण साधीसुधी माणसे आहोत असे भासवणे, सोयीचेच पुरावे मांडणे आणि सगळे निघाले आहेत तेव्हा तुम्हीही चला म्हणणे, अशा सात युक्त्या तिने विद्यार्थ्यांना शिकवल्या. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये संस्थेने काम थांबवले. युद्धाच्या काळात बऱ्यावाईट सर्वच प्रचाराचे तटस्थ विश्लेषण केल्यास गैरसमज होईल, असे तिला वाटले. शत्रूचा प्रचार ओळखणे कोणत्याही राष्ट्राला रुचते. तीच फूटपट्टी स्वतःच्या प्रचाराला लावण्याची वेळ आली, की ती बाजूला ठेवावीशी वाटते.

या विद्येचा आणखी एक धोका आहे. सर्वच बोलणे प्रचार आहे, असे मानणारा माणूस स्वतःला चतुर समजतो. पण खऱ्या साक्षीदाराला आणि भाडोत्री साक्षीदाराला तो एकाच पंक्तीला बसवतो. सत्याची बाजू घेण्यास असा माणूस कधीच उठत नाही, आणि अन्यायी सत्तेला याहून अधिक काही नको असते. विरोधकाच्या प्रत्येक म्हणण्याला अपप्रचार म्हणणे हीही त्या सात युक्त्यांपैकी पहिलीच युक्ती होय.

तेव्हा संशयाला दिशा हवी. मीमांसकांनी या स्तुतीचा विधी कोणता, ही शंका परक्यांच्या ग्रंथाला विचारली नव्हती. ज्या वेदाला ते परम प्रमाण मानत होते, त्याच्याच वाक्यांना त्यांनी ती विचारली, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या वाक्यांचे प्रामाण्य गृहीत धरले नाही. न आवडणाऱ्या पक्षाचा फलक वाचताना ही शंका आपोआप सुचते. मनाला पटलेली घोषणा, आवडत्या नेत्याचे भाषण, आपल्याच समाजाचा गौरव कानी पडताना ती विचारावी लागते, आणि विवेकाचे काम तेथून सुरू होते.