सीमोल्लंघन आणि निष्ठा : डॉली पार्टन यांच्या निमित्ताने

एखाद्या कलावंताने आपल्या परंपरेशी प्रतारणा केली, असे आपण केव्हा म्हणू शकतो? समीक्षेत हा प्रश्न बहुधा शैलीचा म्हणून मांडला जातो. परंतु ‘प्रतारणा’, ‘विकले जाणे’ हे शब्द शैलीविचारातले नव्हेत, नीतिविचारातले आहेत. प्रतारणा घडायची तर आधी कोणाला तरी दिलेले वचन असावे लागते. कलावंत आपल्या समूहाला कोणते वचन देतो, आणि ते मोडले हे कशावरून ओळखायचे? या प्रश्नासाठी लोकप्रिय संगीताचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. तेथे बाजार लपून राहत नाही, आणि म्हणून नैतिक आरोपही उघडपणे केला जातो.

डॉली पार्टन यांचा जन्म १९४६ साली अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात, बारा भावंडांच्या गरीब कुटुंबात झाला. १९६४ मध्ये शालेय शिक्षण संपताच त्या कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात आल्या आणि १९६७ पासून पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून घरोघरी पोचल्या. आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटाविषयीचे ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ (१९७१) हे त्यांचे गीत ग्रामीण, गोऱ्या, श्रमिक दक्षिणेचे आत्मकथन मानले गेले. १९७४ मध्ये त्या वॅगनर यांच्या कार्यक्रमातून बाहेर पडल्या. १९७७ मध्ये ‘हिअर यू कम अगेन’ हा अल्बम आला. त्याचे शीर्षकगीत बिलबोर्डच्या कंट्री सूचीत पहिल्या, तर सर्वसाधारण सूचीत तिसऱ्या क्रमांकावर गेले. पुढच्याच वर्षी ‘हार्टब्रेकर’मधील ‘बेबी आयम बर्निन’ हे गीत थेट डिस्कोच्या ठेक्यावर आले. आपण कंट्री सोडून जात नसून ते बरोबर नेत आहोत, असा पार्टन यांचा खुलासा होता. अनेकांना तो पटला नाही.

या अविश्वासाला संदर्भ होता. १९७४ मध्ये ऑलिव्हिया न्यूटन-जॉन या पॉप गायिकेला कंट्री म्युझिक असोसिएशनचा पुरस्कार मिळताच नाराज कलावंतांनी स्वतंत्र संघटना उभारली. १९७५ च्या समारंभात जॉन डेन्व्हर यांचे नाव असलेला कागद चार्ली रिच यांनी व्यासपीठावरच पेटविला.

अशा वादात दोन भूमिका संभवतात. देशीवादाच्या चर्चेमुळे मराठी वाचकाला दोन्ही परिचित आहेत. पहिली शुद्धतेची : भूमीतून उगवलेली कला भूमीबाहेर गेली की निर्जीव होते. दुसरी संमिश्रतेची : शुद्ध असे काही नव्हतेच, म्हणून प्रतारणाही नाही. दुसऱ्या भूमिकेचे पुरावे भक्कम आहेत. कंट्रीची ओळख ठरलेला बँजो आफ्रिकी वंशाचा, तर स्टील गिटारचे मूळ हवाईत. या संगीताचे आद्य नायक जिमी रॉजर्स यांनी १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँग यांच्यासह ध्वनिमुद्रण केले होते. १९२० च्या दशकात दक्षिणेचे संगीत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे अशा दोन याद्यांत विभागले ते ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी. कंट्रीची अस्सलता ही घडविली गेलेली गोष्ट आहे, हे रिचर्ड पीटरसन यांनी १९९७ च्या ग्रंथात सविस्तर दाखविले आहे.

तरीही हा युक्तिवाद हवे त्याहून अधिक सिद्ध करू पाहतो. उगम संमिश्र आहे म्हणून बांधिलकी रद्द होत नाही. मराठीत फारसी शब्द आहेत म्हणून मराठीत दिलेले वचन सैल ठरत नाही. संमिश्रतेचा सिद्धान्त शुद्धतेचा दावा खोडतो; निष्ठेच्या प्रश्नाला तो हातही लावत नाही.

निष्ठेची खूण मग कोठे शोधावी? पार्टन यांच्या कारकिर्दीतले तीन तपशील येथे एकमेकांशेजारी ठेवता येतात. पहिला असा की, ‘हिअर यू कम अगेन’ फारच पॉप वळणाचे झाले आणि आपला श्रोता दुरावेल, या भीतीने त्यांनी त्यात स्टील गिटारचा ठळक स्वर घालण्याचा आग्रह धरला. ते गीत मात्र त्यांचे नव्हते. बॅरी मॅन आणि सिंथिया वाइल या व्यावसायिक पॉप गीतकारांचे होते. दुसरा असा की, परका म्हणून हिणवला गेलेला डिस्को ठेका ज्या गीतात आहे, ते ‘बेबी आयम बर्निन’ त्यांनी स्वतः लिहिले आहे. म्हणजे जेथे अस्सलतेचे चिन्ह आहे तेथे लेखणी दुसऱ्याची, आणि जेथे लेखणी स्वतःची तेथे चिन्ह नाही. स्टील गिटार येथे रहिवासाच्या दाखल्यासारखी वाजते. दाखला खोटा नसतो. पण तो निष्ठा सिद्ध करीत नाही, केवळ संशयाला उत्तर देतो.

तिसरा तपशील ‘विकले जाणे’ या शब्दाला अक्षरशः भिडतो. त्यांचे ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ (१९७४) हे गीत एल्व्हिस प्रेस्ली गाणार होते. प्रेस्ली यांच्या व्यवस्थापकाने प्रकाशन-हक्कांचा अर्धा वाटा मागितला आणि पार्टन यांनी नकार दिला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. कंट्रीचा वाद्यमेळ सोडण्याआधीच, कोणते वळण स्वीकारायचे आणि काय हातचे जाऊ द्यायचे नाही, हा विवेक त्यांनी केला होता. ध्वनीवर नजर ठेवणाऱ्या टीकाकाराला स्वामित्वाचा हा प्रश्न दिसत नाही.

याचा अर्थ काहीच गमावले नाही असा नव्हे. ‘कोट ऑफ मेनी कलर्स’मधील ‘मी’ला गाव, आई आणि दारिद्र्य आहे, ‘हिअर यू कम अगेन’मधील ‘मी’ला पत्ता नाही. तो कोठलाही श्रोता अंगावर चढवू शकतो, म्हणूनच तो दूरवर गेला. ज्यांचे जगणे फार थोड्या गीतांतून उच्चारले जात होते, त्यांची एक जागा त्या काळापुरती रिकामी झाली. ही हानी खरी आहे, आणि मला वाटते, रागावलेल्या श्रोत्याच्या तक्रारीत एवढा भाग न्याय्य होता.

पण त्या तक्रारीत दुसरेही काही मिसळलेले होते. डिस्को न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलैंगिक समूहांच्या नृत्यगृहांत वाढला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या ध्वनिमुद्रिका स्फोटाने उडविण्यात आल्या. तो राग केवळ ठेक्यावरचा होता असे मानणे कठीण आहे. २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय गायकाचे ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डने कंट्री सूचीतून वगळले. पार्टन यांनी सीमा ओलांडली तेव्हा त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेतली गेली. त्यांचे कंट्रीपण मात्र सूचीतून पुसले गेले नाही. २०२४ मध्ये बियॉन्से यांनी ‘काउबॉय कार्टर’मध्ये पार्टन यांचे ‘जोलीन’ शब्द बदलून गायिले, त्या अल्बममध्ये पार्टन यांचा आवाजही आहे, आणि कंट्री अल्बमच्या सूचीत अग्रस्थानी जाणाऱ्या बियॉन्से या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

तेव्हा कलावंताचे वचन विशिष्ट वाद्यमेळाला दिलेले नसते, आणि ‘परंपरा’ नावाच्या अमूर्ताला तर नसतेच. ते दोन बाजूंना बांधलेले असते : ज्यांच्या जगण्यातून शब्द आले त्यांना, आणि तीच मिळकत वंशाच्या नावाने ज्यांना नाकारली गेली त्यांना. पहिल्या बाजूने पाहता १९७७ च्या पार्टन काहीशा ऋणात राहतात. दुसऱ्या बाजूचे ऋण त्यांनी फार उशिरा, पण फेडायला घेतले. प्रतारणेचा आरोप करणाऱ्या समीक्षकाने आपण यांपैकी कोणाच्या वतीने बोलत आहोत, हे आधी सांगितले पाहिजे.