अधलेमधले शब्द

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाचं सोप्या शब्दांशी जमतं, अवघड शब्दांशीही जमतं. पंचाईत होते ती मधल्या शब्दांशी. सोपे शब्द शाळेतच पाठ झालेले असतात आणि त्यातले निम्मे तर आपल्या घरात वावरत असतात. अवघड शब्दांना मान असतो. ते स्पर्धा परीक्षेत विचारले जातात, त्यांच्या याद्या भिंतीवर चिकटवल्या जातात, ते ज्याला येतात त्याच्याकडे बाकीचे जरा आदराने बघतात. पण 'टेंड', 'अफोर्ड', 'लाइकली', 'इन्व्हॉल्व्ह', 'रिलक्टंट', 'बेअर्ली' यांना कोणी विचारत नाही. वाचताना ते ओळखीचे वाटतात म्हणून तिथे कोणी थांबत नाही, आणि लिहायची वेळ आली की त्यातला एकही हाताशी येत नाही.

मी तालुक्याच्या गावी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. येणारी मुलं-मुली बहुतेक मराठी माध्यमातली. कोणी बँकेच्या परीक्षेची तयारी करत असतं, कोणी नर्सिंग करून परदेशी जायच्या खटपटीत असतं, एखादी आई मुलाचा अभ्यास आपल्याला घेता यावा म्हणून स्वयंपाक लवकर आटपून येते. आमच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून आलं. वर्षं वाढली, पण या मधल्या शब्दांची हालत फारशी सुधारलेली मला दिसत नाही.

जवळच्या अभ्यासिकेत डोकावलं तर दर दोन-तीन टेबलांआड नॉर्मन लुइसचं 'वर्ड पॉवर मेड इझी' दिसतं. १९४९ सालचं हे अमेरिकन पुस्तक आजही तडाखेबंद खपतं. पुस्तक मजेदार आहे, यात शंका नाही. ग्रीक आणि लॅटिन धातू धरून एका शब्दावरून दुसऱ्यावर कसं जायचं, हे ते फार छान शिकवतं. पण ते लिहिलंय ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशा प्रौढांसाठी. मधले शब्द वाचकाच्या तोंडात आधीपासून आहेत, हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. आमची मुलं ते गृहीतक ओलांडून थेट वरच्या मजल्यावर चढतात. मग 'मिसॅन्थ्रोप' म्हणजे काय ते चटकन सांगतात, आणि 'तो सहसा उशिरा येतो' हे 'टेंड' वापरून सांगा म्हटलं की गप्प होतात.

वही बघितली की कारण कळतं. पान उभं दुमडून तीन रकाने पाडलेले असतात: शब्द, उच्चार, अर्थ. शब्द निळ्या शाईत, उच्चार पेन्सिलीने, अर्थ लाल शाईत. मांडणी इतकी देखणी की नाव ठेवायला जागा नाही. सगळा घोटाळा तिसऱ्या रकान्यात असतो, कारण तिथे एकच मराठी शब्द मावतो. 'इव्हेन्च्युअली' समोर 'शेवटी'. चार पानं मागे 'फायनली' समोर 'शेवटी'. 'ॲट लास्ट' समोरही 'शेवटी', आणि 'लास्टली' समोर, बदल म्हणून, 'अखेरीस'. या वहीच्या भरवशावर एका मुलाने भाषण लिहून आणलं आणि समारोपात म्हटलं, 'आय इव्हेन्च्युअली थँक माय पेरेंट्स'. त्याला म्हणायचं होतं की आता शेवटी आई-वडिलांचे आभार मानतो. इंग्रजी जाणणाऱ्याला त्यातून ऐकू येणार की बरेच दिवस गेले, बरंच काही घडून गेलं, आणि मग कधीतरी याने आभार मानले. वाक्य व्याकरणात बसत होतं, स्पेलिंग बिनचूक होतं आणि तिसऱ्या रकान्यातला अर्थही कोशातलाच होता.

'नाकारणे' या एका शब्दाने तर माझे कित्येक तास खाल्लेत. मराठीत आपण आरोप नाकारतो, चहा नाकारतो, अर्ज नाकारतो, आमंत्रण नाकारतो, आणि कोणाला काही खटकत नाही. इंग्रजीत ही कामं चौघांत वाटलेली आहेत. आरोपाला 'डिनाय', चहाला 'रिफ्यूज', अर्जाला 'रिजेक्ट', आमंत्रणाला 'डिक्लाइन'. मी सांगते, 'डिनाय' म्हणजे हे खरं नाही असं म्हणणं आणि 'रिफ्यूज' म्हणजे हे मी करणार नाही किंवा घेणार नाही असं म्हणणं. माना डोलतात. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मग मॅडम, 'एन्ट्री डिनाइड' कसं?" प्रश्न रास्त असतो. मग सांगावं लागतं की 'डिनाय'चा आणखी एक संसार आहे: मागणाऱ्याला हवी ती गोष्ट मिळू न देणं. एवढं सगळं तिसऱ्या रकान्यात कसं लिहिणार?

अशा वेळी मी इंग्रजी बाजूला ठेवून मराठीत येते. आपण 'मारणे' कधी शिकलो? गप्पा मारतो, हाक मारतो, चक्कर मारतो, मिठी मारतो, थापा मारतो आणि डासही मारतो. झोप मात्र काढतो. फोटो काढतो, खोडी काढतो, वाईट दिवसही काढतो. कोणी 'हाक काढली' म्हटलं तर चार वर्षांचं पोरही हसेल, आणि त्याला का हसलास विचारलं तर सांगता येणार नाही. त्याने 'मारणे' या शब्दाचा अर्थ कधी पाठ केला नाही. तो शब्द कोणासोबत हिंडतो, एवढंच त्याने ऐकलं, रोज ऐकलं.

शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हा विचार भाषाशास्त्रात ज्यांच्या नावावर आहे ते जे. आर. फर्थ १९२० च्या दशकात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. हा विचार त्यांनी पुढे इंग्लंडला परतल्यावर मांडला, त्यामुळे लाहोरच्या वर्गात तो सुचला असं म्हणायला आधार नाही. पण परक्यांना शिकवायच्या इंग्रजीवरचं मुळातलं काम त्याच सुमाराला लंडनपासून लांब होत होतं, एवढं खरं. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात मायकेल वेस्ट होते. बंगाली मुलांच्या क्रमिक पुस्तकांत एकेका पानावर नवे शब्द कोंबलेले असतात आणि पुढे ते पुन्हा भेटतच नाहीत, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी वाचनमाला नव्याने लिहिली. पुस्तकी शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द घातले, नवा शब्द थोड्या थोड्या अंतराने येईल आणि आला की पुन्हा पुन्हा भेटेल अशी योजना केली. बंगालमधल्या द्विभाषिकतेवरचा त्यांचा अहवाल १९२६ सालचा. त्यात त्यांनी विमाधंद्यातली एक कल्पना वापरली, सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय पडतं? तसंच शाळा मध्येच सुटली तर त्या मुलाच्या पदरात इंग्रजीचं काय राहतं? ज्या देशात बहुतेक मुलं शेवटच्या वर्गापर्यंत पोचतच नव्हती, तिथे हा प्रश्न विचारायला मोठं मन लागतं. आजच्या पाठ्यपुस्तक मंडळींच्या टेबलावर तो चिठ्ठी लिहून ठेवावा असं मला अनेकदा वाटतं.

याच वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात शब्दाचा कोणता अर्थ किती टक्के वेळा येतो, हेही दिलं होतं. ही यादी येत असेल तर साध्या मजकुराचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग ओळखीचा होतो. ऐकायला हे भरघोस वाटतं. पण पानावर ३०० शब्द असतील तर त्यातले ६० अडतात, आणि बहुतेकदा वाक्याची किल्ली त्यातच असते. कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, असा न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांचा २००६ सालचा हिशोब आहे. एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ. दोन हजार आणि आठ हजार यांच्यामधला हा जो पट्टा, तिथे आमची मुलं वर्षानुवर्षं उभी असतात.

बरं, अडणारे सगळे शब्द अनोळखी असतात असंही नाही. एकदा वर्गातला एक मुलगा कर्जमंजुरीचं पत्र घेऊन आला. 'डिस्बर्स' त्याने कोशात बघून ठेवला होता, 'हायपोथिकेशन' कोणाला तरी विचारला होता. राहिला होता 'प्रोव्हायडेड'. तो त्याला येत होता ना! प्रोव्हाइड म्हणजे पुरवणे, तेव्हा प्रोव्हायडेड म्हणजे पुरवलेली. कागदपत्रं पुरवलेली आहेत, आता पैसे येतील, असं समजून तो निवांत होता. पत्र म्हणत होतं की अमुक कागद दिले तरच पैसे मिळतील. अवघड शब्द आपण होऊन सांगतो की मी अवघड आहे. माणूस थांबतो, कोश उघडतो. मधला शब्द ओळखीचा चेहरा घेऊन येतो आणि अख्खी अट गिळून टाकतो. 'हार्डली'चं तेच. 'ही वर्क्स हार्डली' हे वाक्य मी दरवर्षी वाचते, आणि दरवर्षी एका कष्टाळू माणसाला कामचुकार ठरवलेलं बघते.

वेस्ट यांच्यासारखंच लंडनपासून लांब झालेलं दुसरं काम ए. एस. हॉर्नबी यांचं, जपानमधलं. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत केलेला कोश १९४२ मध्ये तोक्योत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. आज 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' म्हणून मिळतो तो त्याचाच वंशज. क्रियापदामागे काय येतं आणि काय येत नाही, हे त्यांनी कोशातच बांधून दिलं. आमच्याकडे त्याची केवढी गरज आहे ते वह्या तपासणाऱ्यांना विचारा. आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, म्हणून मुलं 'डिस्कस अबाऊट' लिहितात. आपण कोणा'शी' लग्न करतो, म्हणून 'मॅरीड विथ'. आपण 'मला समजावून सांगा' म्हणतो, म्हणून 'एक्सप्लेन मी'. यातली एकही चूक अज्ञानातून आलेली नाही. प्रत्येकीत मराठी व्याकरण अगदी शाबूत आहे.

उलट दिशेने बघितलं तर मोल्सवर्थने हे फार आधी ओळखलं होतं. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. कुठलंही पान उघडा, मराठी शब्दाखाली तो शब्द ज्या वाक्प्रचारांत फिरतो ते ओळीने दिलेले दिसतात. परक्या भाषेत जाणाऱ्याला एकेकट्या शब्दाचा उपयोग होत नाही, हे त्या साहेबाला उमगलं होतं. आपण मात्र त्याच्या भाषेत जाताना तीन रकाने आखले. आता मोबाइल आलाय. त्यात शब्द टाकला की क्षणात एक मराठी प्रतिशब्द पडतो, आणि मुलं तो तिसऱ्या रकान्यात उतरवून घेतात. एवढ्या सोयीतून तोच रकाना निघावा, याची गंमत वाटते.

याहून नाजूक प्रकरण आहे ते घरात आलेल्या इंग्रजीचं. 'पेशंट सिरियस आहे', 'आर्ट्सला काय स्कोप आहे?', 'सर, एक डाऊट आहे', 'आजोबा एक्सपायर झाले'. हे शब्द आता मराठी आहेत, आणि त्याबद्दल मला कसलीही तक्रार नाही. आपण त्यांना आपलं काम लावलंय. अडचण इतकीच की इंग्रजीत ते दुसऱ्या कामावर असतात. वर्गातल्या एकीने परदेशातल्या एका संस्थेला ईमेल केली की तुमच्या सर्टिफिकेटबद्दल मला डाऊट आहे. तिला अभ्यासक्रमाची मुदत विचारायची होती. उत्तर आलं ते जरा ताठर होतं, सोबत मान्यतेचे कागद जोडलेले. नवा शब्द शिकवणं त्या मानाने सोपं. जो आपल्याच अंगणात वाढला, त्याचं दुसरं बिऱ्हाड दाखवणं कठीण.

सध्या मी दुसरी एक वही ठेवायला लावते. तिच्यात रकाने नाहीत. शब्द जिथे भेटला ते अख्खं वाक्य लिहायचं, मग तो औषधाच्या खोक्यावर असो, रेल्वेच्या सूचनेत असो की क्रिकेटच्या बातमीत. खाली स्वतःच्या घरातलं एक वाक्य. अर्थ लिहिला नाही तरी चालेल. मुलं सुरुवातीला कुरकुरतात, कारण यात वेळ फार जातो आणि पानं भरत नाहीत. परीक्षा जवळ आली की तीन रकान्यांची वही पुन्हा बाहेर येते. मी अडवत नाही. समानार्थी शब्दाला गुण आहेत, सोबतीला नाहीत, आणि त्यांना नोकरी हवी आहे.

गेल्या आठवड्यात 'मॅनेज' घेतला होता. फळ्यावर मी लिहिलं, 'माय अंकल मॅनेज्ड टू गेट द परमिट', आणि विचारलं, काय कळलं? अपेक्षा अशी की कोणी तरी म्हणेल, खटपट करून का होईना, पण काकांनी परवाना मिळवला. वर्ग क्षणभर गप्प. मग खिडकीजवळचा एक जण म्हणाला, "म्हणजे किती दिले, मॅडम?"