काळ व समय

प्रेषितांची कृत्ये 1:7

धरमतरच्या खाडीवरचा आगरी अथवा कोळी भरतीची वेळ तिथीवरून सांगतो. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीचा तास निघतो. पंचमी असल्यास सुमारे पावणेचार. तेव्हा पेण-रोह्याकडील एखाद्या बंधूच्या मनात असे येणे साहजिक आहे की, दानीएलाच्या पुस्तकात आकडे स्पष्ट दिले असता प्रभूच्या आगमनाचे वर्षही याच रीतीने का काढू नये?

प्रश्न प्रामाणिक आहे; उत्तरही तसेच दिले पाहिजे. दानीएल 9:24-25 यांत सत्तर सप्तके सांगितली आहेत. एका दिवसाचे एक वर्ष धरल्यास ती 490 वर्षे होतात. परंतु गणना कोठून आरंभावी? यरुशलेम पुन्हा बांधण्याच्या आज्ञेपासून, असे वचनावरून दिसते. आणि आज्ञा तर एकाहून अधिक झाल्या. कोरेश राजाची, इ. स. पूर्वी 538 ची, धरल्यास ही वर्षे प्रभूच्या जन्मापूर्वीच संपतात. अर्तहशश्त राजाची 457 ची धरल्यास इ. स. 34 येते, व त्याचीच 445 ची धरल्यास इ. स. 46. आमचे शेजारी बेने इस्राएल, ज्यांची पेणकर व रोहेकर ही आडनावे याच गावांवरून पडली, तेही हा ग्रंथ पवित्र मानतात. पण यहूद्यांच्या जुन्या गणनेत ही 490 वर्षे पहिल्या मंदिराच्या नाशापासून दुसऱ्या मंदिराच्या नाशापर्यंत मोजतात. ग्रंथ एक, आकडा एक, आणि उत्तरे चार!

अमेरिकेतील विल्यम मिलर हा शेतकरी मोठा भाविक होता. त्याने दानीएल 8:14 मधील 2300 दिवस त्याच 457 पासून मोजून प्रभू 1843 च्या सुमारास येईल असे शिकविले. पुढे त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस ठरविला. कित्येकांनी उभे पीक शेतातच सोडले. तो दिवस उजाडला व मावळला. पीक गेले ते गेलेच, पण त्याहून मोठी हानी ही की, कित्येकांचा विश्वास डळमळला. चूक माणसाच्या हिशेबाची, आणि दोष मात्र शास्त्राच्या माथी आला.

मग भविष्यवाद व्यर्थ आहे काय? मुळीच नाही. यिर्मयाने सांगितलेली सत्तर वर्षे दानीएलाने वाचली, तेव्हा तो दिवस ठरवीत बसला नाही; त्याने उपास करून आपली व आपल्या लोकांची पापे पदरी घेतली (9:2-5). शेवटी जे ऐकले ते आपणांस समजले नाही, हेही त्याने लपविले नाही (12:8). संदेष्ट्यास जे कबूल करण्यास लाज वाटली नाही, ते कबूल करण्यास आमच्या उपदेशकांस का वाटावी? तो दिवस पुत्रासही ठाऊक नाही, असे प्रभूनेच सांगितले आहे (मार्क 13:32).

खाडीकाठचा शेतकरी भरतीचा तास जाणतो, पण कोणते उधाण बांध फोडील हे त्यास कळत नाही. म्हणून तो बांधाची डागडुजी नित्य करितो. बंधुभगिनींनो, आपणही तसेच करू या. पेरणी सोडू नये, कर्ज बुडवू नये, प्रार्थना टाळू नये. प्रभू येईल तेव्हा आपण आपल्या कामावर आढळावे, एवढेच त्याने मागितले आहे.