रंग उडालेला नियम

गेवराईच्या शास्त्री चौकात दुचाकी लावणारा माणूस कायदा आठवून ती लावत नाही. आधीच्या दोन-चार गाड्या कुठं उभ्या आहेत ते बघतो आणि त्यांच्या कडेला स्वतःची उभी करतो. त्या गाड्या कुणी, कोणत्या घाईत लावल्या याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आधी कुणी लावली आहे म्हणजे चालतं, असं धरून तो कामाला निघून जातो. त्याच्यानंतर येणारा त्याची गाडी बघतो. बघता बघता अर्धा रस्ता गाड्यांखाली जातो आणि एसटीच्या वाहकाला खाली उतरून वाट करून द्यावी लागते. यात कुणी दांडगाई करणारा नसतो. कुणी बँकेत आलेला असतो, कुणी औषधाला, कुणी बियाण्याला. या साऱ्यांना काही सांगू शकेल अशी एकच गोष्ट तिथं हवी असते, ती म्हणजे जमिनीवरची एक ठळक रेघ.

नियम तर बदलत असतात. वाहन कुठं उभं करू नये याची यादी १९८९ च्या रस्ता नियमांत होती: चौकाजवळ, वळणावर, पुलाच्या चढावर, पदपथावर, बसथांब्यापाशी, शाळा-दवाखान्याच्या दारात, उभ्या वाहनाला खेटून दुसरं. २०१७ च्या जूनमध्ये केंद्रानं वाहन चालवण्याचे नवे विनियम काढले आणि जुने रद्द झाले. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातले दंड वाढले. महाराष्ट्रानं ते डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. नो पार्किंगचे दोनशे रुपये होते, ते पाचशे झाले. पुन्हा चुकलात तर पंधराशे. हे सगळं राजपत्रात छापून आलं, रीतसर आलं. पण राजपत्र गेवराईत कोण वाचतं? तलवाड्याहून पीककर्जाच्या कागदांसाठी आलेला शेतकरी नक्कीच वाचत नाही. त्याच्यासाठी राजपत्र म्हणजे चौकातला खांब, त्यावरची पाटी आणि रस्त्यावरचा रंग. पाटी गंजली, रंग उडाला की त्याच्यापुरता नियमही उडाला. राहतं ते मोबाइलवर येणारं चलन. बंदी होती हे त्याला दंडाच्या आकड्यावरून कळतं. पाचशे रुपये ही कुणाची तरी दिवसभराची मजुरी असते. हे मला अन्यायाचं वाटतं.

पाट्यांचं आणि पट्ट्यांचंही शास्त्र आहे. भारतीय रस्ते काँग्रेसनं रस्त्यावरच्या खुणांची संहिता १९७० मध्ये केली, पुढं १९९७ आणि २०१५ मध्ये ती सुधारली. फलकांच्या संहितेची नवी आवृत्ती २०२२ ची आहे. लाल किनारीच्या निळ्या गोलावर एक तिरपी लाल पट्टी असेल तर गाडी लावून जायला मनाई. दोन पट्ट्यांची फुली असेल तर क्षणभर थांबायलाही मनाई. निळ्या चौकोनात इंग्रजी पी हे अक्षर असेल तर तिथं खुशाल लावा. यातला एका पट्टीचा आणि दोन पट्ट्यांचा फरक किती जणांना सांगता येईल? लायसन्सच्या परीक्षेपुरता पाठ केलेला असतो, पुढं तो कुणी विचारत नाही. ही चित्रं बरीचशी जगभर सारखी आहेत, कारण अक्षर न येणाऱ्यालाही कळावं हाच त्यांचा हेतू आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ११६ तर याहून पुढं जातं. चिन्हावरची अक्षरं राज्य सरकारला योग्य वाटेल त्या लिपीतही लिहिता येतील, अशी मुभा त्यात आहे. म्हणजे माणसाला समजलं पाहिजे ही काळजी कायदा करणाऱ्यांनी केली होती.

त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, ती गेवराईसारख्या गावानं आवर्जून वाचावी. वाहतुकीचं चिन्ह झाकणारी पाटी किंवा जाहिरात काढून टाकण्याचा अधिकार त्यात दिला आहे. आपल्याकडं वाढदिवसाचा फलक लागतो तो नेमका चौकात, खांबाला बांधून, आणि बहुतेक वेळा वाहतुकीच्या पाटीच्या तोंडावर. सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलकांविरुद्ध निकाल दिला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नेत्यावर प्रेम असावं, वाढदिवसही साजरा व्हावा. पण त्या फलकामागं शाळेची खूण लपली असेल, तर फलक लावणाऱ्याच्याच घरातलं लेकरू त्या रस्त्यानं चालत असतं.

बंदीचा दुसरा अर्धा भाग आपण नेहमी विसरतो. कलम ११७ प्रमाणे वाहनं उभी करण्याच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवायच्या असतात. इथं लावू नका हे सांगणाऱ्यावर, कुठं लावायचं तेही सांगायची जबाबदारी येते. बसस्थानकापासून २०० मीटरच्या आत खासगी प्रवासी वाहनांना बंदी हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. पण उमापूरच्या म्हातारीला घेऊन आलेल्या काळी-पिवळीनं नेमकं कुठं थांबायचं? मोंढ्यात कापूस घालायला आलेल्या पिकअपनं आपली पाळी येईपर्यंत कुठं उभं राहायचं? हातगाडीवाल्याची जागा कोणती? परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये, पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, असं धोरण मांडलं. मुंबई-पुण्याच्या गर्दीला त्याचा उपयोग होईल. तालुक्याच्या गावात अडचण वेगळी असते. इथं गाडी उभी करायला घरापुढं अंगण असतं; जागा नसते ती बाजारात आल्यावर.

महामार्गाचं दुःख याहून मोठं आहे. पूर्वीचा २११ आणि आताचा ५२ क्रमांकाचा हा धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला, वेग वाढला. मे २०२५ मध्ये रात्रीच्या वेळी गढी गावाजवळ दुभाजकावर गेलेली गाडी बाजूला घेत असलेल्या माणसांवर ट्रक आला आणि सहा जण गेले. गेवराईनं तो दिवस कसा काढला हे गावालाच ठाऊक. एखाद्या पट्ट्यानं ती रात्र टळली असती असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं त्या घरांशी प्रतारणा होईल. पण वेगाच्या रस्त्यावर उभं राहिलेलं वाहन किती भयंकर ठरतं, हे त्या रात्रीनंतर या तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागू नये. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर उसाचं गाळप सुरू होतं, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. टायर फुटला की ते जिथल्या तिथं उभे राहतात, कधी रात्रभर, मागं परावर्तक नाही, चार दगड तेवढे मांडलेले. अशा वेळी कडेची पांढरी रेघ झळकत असेल तर ट्रॉली रेघेच्या आत किती आणि बाहेर किती, हे मागून येणाऱ्याला निदान दिसतं. रंगात काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात, दिव्याचा उजेड ते माघारी पाठवतात. मणी झिजले की रेघ दिवसा दिसते आणि रात्री नाहीशी होते.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९८-अ आलं, त्याची चर्चा दंडाइतकी झाली नाही. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरल्या मानकांप्रमाणं न ठेवल्यामुळं कुणाचा जीव गेला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गेलेल्या माणसाच्या मानानं लाख रुपये काहीच नाहीत. तरीही चालकाबरोबर रस्त्याची निगा राखणाऱ्यालाही कायद्यानं उत्तर द्यायला लावलं, हे मोठं आहे. शेतकऱ्याला ही भाषा चांगली समजते. बांधावरचा दगड हलला तर तो भांडायला उभा राहतो, कारण दगड दोन्हीकडच्यांना बांधतो. रस्त्यावरची रेघही दोन्हीकडच्यांना बांधणारी आहे, आणि ती पुसली गेली तर तितक्याच हक्कानं विचारायला हवं.

या रेघांचा थर्मोप्लास्टिकचा रंग तापवून, रस्ता पुरता कोरडा असताना बसवावा लागतो. पाऊस ओसरल्यापासून उसाच्या गाड्या सुरू होईपर्यंतचे मोजके दिवसच या कामाचे. तेवढ्यात नगरपरिषद, पोलीस आणि बांधकाम विभाग यांनी बाजारच्या दिवशी मोंढा नाक्यापासून एकत्र पायी फिरावं, दुकानदारांना आणि काळी-पिवळीवाल्यांना विचारावं. आधी गाडी लावायच्या जागा आखाव्यात, त्यानंतर बंदीच्या. शाळा-कॉलेजांच्या दारांपुढची जागा मात्र सगळ्यात पहिल्या दिवशी. आणि पहिला महिनाभर चलन न करता पोलिसानं हातानं पट्टा दाखवून सांगावं, काका, इथं नको, तिकडं लावा.