जुन्या फाइली आणि नवे सॉफ्टवेअर

डीटीपीच्या दुकानात नवे सॉफ्टवेअर घ्यायचे की जुन्यावर भागवायचे, हा प्रश्न फोटोपेक्षा अक्षरांपाशी जास्त अडतो. लग्नपत्रिका, स्मरणिका आणि पुस्तकांचे काम करणाऱ्या दुकानांत पेजमेकर ७ आणि फोटोशॉप सीएस६ वर्षानुवर्षे चालत राहिले. पेजमेकर ७ हे २००१ सालचे. त्याच्यापुढची आवृत्ती निघालीच नाही. २०१२ चे सीएस६ हे एकदा पैसे मोजून कायमचे घेता येणारे शेवटचे फोटोशॉप. २०१३ पासून ॲडोबीने नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. अशा दुकानाचे मालक आणि तिथली तरुण डिझायनर यांच्यात जो वाद होतो, त्यात या पेचाच्या बहुतेक बाजू येतात.

मालक म्हणतात, "हात बसलाय त्यावर. पत्रिका त्याच, गिऱ्हाईक तेच. विकत घेतलेली वस्तू टाकून दर महिन्याला भाडं कशाला भरायचं?"

फोटोपुरते हे म्हणणे टिकते. नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल सीएस६ मध्ये उघडत नाही, पण ती डीएनजीमध्ये बदलून देणारा कन्व्हर्टर फुकट मिळतो. रंग सुधारणे, कापणे, पार्श्वभूमी काढणे ही कामे जुन्यातही होतात. वेळ थोडा जास्त लागतो, एवढेच.

डिझायनरचा आक्षेप वेगळा आहे. "काका, वस्तू तुमची, पण आतला मजकूर तुमचा आहे का? ती जुनी स्मरणिका मेलवर पाठवून बघा. समोरच्याला नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील."

श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षर म्हणून साठत नव्हती, चित्र म्हणून साठत होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी 'क'चा आकार, वेलांटीचा आकार बसवलेला असे. फॉन्ट बदलला की मजकूर मोडला. १९९१ साली आलेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. दोन्हींतला फरक 'किती' या शब्दात दिसतो: जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर, कारण डोळ्याला तसे दिसते, युनिकोडमध्ये 'क' आधी, कारण उच्चार तसा होतो. 'सूर्य'मधला रफार जुन्या पद्धतीत 'य'च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याचा 'र' 'य'च्या आधी.

"मग मजकूर बदलून घे. सॉफ्टवेअर कशाला बदलायचं?" मालकांचा हा प्रश्न रास्त आहे, पण त्याला तांत्रिक अडचण आहे. पेजमेकरला युनिकोड कळतच नाही. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मजकूर टाकला तर अनेकदा वेलांटी चुकीच्या बाजूला पडते, जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. नव्या आवृत्त्यांतही सुरुवातीला भारतीय लिप्यांचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागत असे, तेव्हा कुठे 'क्ष' जुळत असे.

यावर मालक आपला सर्वांत भक्कम मुद्दा काढतात. "म्हणजे एका कुलपातून काढून दुसऱ्यात घालतेस. उद्या वर्गणी थांबली तर माझी फाइल मला उघडेल?"

डिझायनरकडे याचे पुरते उत्तर नाही. पेजमेकरच्या जागी घ्यायच्या इनडिझाइनची मूळ फाइल इनडिझाइनविना नीट उघडत नाही. आयडीएमएल आणि पीडीएफ प्रती काढून ठेवल्या तर धोका कमी होतो, जात नाही. इंकस्केप, गिम्प, स्क्रायबस फुकट आहेत आणि युनिकोड देवनागरी दाखवतात, पण ऑफसेटला लागणारे चार रंगांचे काम गिम्पमध्ये फोटोशॉपइतके सहज होत नाही.

वादाच्या मुळाशी किंमत नाही. काम म्हणजे छापून गेलेला कागद की पुन्हा उघडता येणारा मजकूर, यावर दोघांचे एकमत नाही. मालकांच्या लेखी गठ्ठा दुकानाबाहेर गेला की काम संपले. पत्रिकेच्या बाबतीत ते अगदी खरे, कारण मुहूर्तानंतर ती फाइल कुणी मागत नाही. पुस्तकाचे तसे नाही. लेखक दुसरी आवृत्ती मागतो, वारसांना ई-पुस्तक हवे असते, एखादे संदर्भग्रंथालय शोधता येईल असा मजकूर मागते. तेव्हा जुने कुलूप मजकुराला गाडून टाकते. त्यामुळे ज्या दुकानात फक्त पत्रिका होतात, त्या दुकानाने वर्गणी भरण्याचे कारण नाही. जिथे पुस्तके होतात, तिथे बदल टाळणे म्हणजे दुसऱ्याच्या लेखनाशी खेळणे आहे, आणि या ठिकाणी डिझायनरची बाजू उजवी ठरते.

बदलाचा क्रमही यातूनच ठरतो. पेजमेकरचा जुना संगणक इंटरनेटपासून तोडून, फक्त फाइली उघडण्यापुरता ठेवायचा. आधी पुस्तके घ्यायची, एका वेळी एकच. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून निघालेल्या मजकुरात रफार शेजारच्या अक्षरावर सरकलेला असतो, 'र्‍य' आणि 'र्य' यांची गल्लत झालेली असते. म्हणून मुद्रितशोधकाने छापील प्रत डावीकडे ठेवून, पट्टी ओळीखाली सरकवत, पहिल्या पानापासून ताडून पाहायचे.